दाण्याला धनी कोण? 'एक्स-प्रेस पर्ल' आणि श्रीलंकेचा किनारा

कोलंबोहून नेगोंबोकडे जाताना पामुनुगामा गावाजवळ सरक्कुवा नावाचा किनारा लागतो. २०२१ च्या जूनपासून पुढे कित्येक महिने तिथे बायका वाळूत बसून चाळण्या हलवत होत्या. वाळू खाली पडायची. वर शिंपल्यांचे तुकडे, काटक्या आणि पांढरे गोल दाणे उरायचे. दाणे वेचायचे, गोणीत टाकायचे, पुन्हा फावडंभर वाळू चाळणीत घ्यायची. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, साबुदाणा निवडताहेत. एकादशीच्या आदल्या दिवशी आपल्या घरात दिसते तशी मान खाली घातलेली बैठक होती ती.

तो प्लॅस्टिकचा कच्चा माल होता. बादल्या, पिशव्या, खुर्च्या, पाइप यांतली जवळपास प्रत्येक वस्तू कारखान्यात येते ती या रूपात, म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान गोळ्यांच्या रूपात. भिवंडी-वसईच्या मोल्डिंगच्या गाळ्यांत याला नुसतं 'दाणा' म्हणतात आणि तो २५ किलोच्या गोणीत येतो. अशा एका गोणीत साधारण दहा लाख दाणे असतात. ओंजळभर दाणा बादलीभर पाण्यात टाकून बघा. पॉलिथिनचा असेल तर सगळा तरंगतो, आणि खाऱ्या पाण्यात तर आणखी सहज. मे २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' या मालवाहू जहाजाला आग लागली आणि समुद्रात सुमारे १,६८० टन दाणा सांडला. २५ किलोच्या हिशेबानं ६७,२०० गोण्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जुलै २०२१ च्या अहवालात या घटनेला समुद्रातली आजवर नोंदलेली सर्वांत मोठी प्लॅस्टिक गळती म्हटलं.

हे प्रकरण मी इतक्या बारकाईनं वाचलं ते एका प्रश्नापायी. श्रीलंकेकडे सागरी प्रदूषणासाठी स्वतंत्र प्राधिकरण होतं, कायदा होता, नौदल होतं, तटरक्षक दल होतं, शेजारी भारत मदतीला तयार होता. तरीही दाणा किनाऱ्यावर आला तेव्हा तो नेमका कुणाचा, हे ठरायला इतका वेळ का लागला?

जहाज

'एक्स-प्रेस पर्ल' हे सिंगापूरचा झेंडा लावलेलं, १८६ मीटर लांबीचं कोरं कंटेनर जहाज. २०२१ मध्येच पाण्यात उतरलेलं. दुबईच्या जेबेल अलीहून निघून कतारच्या हमाद बंदरात, तिथून गुजरातेत हजिऱ्याला आणि मग कोलंबोला, असा त्याचा फेरा होता. जहाजावर १,४८६ कंटेनर होते. त्यांतले ८१ धोकादायक मालाचे म्हणून नोंदवलेले, आणि त्यांत २५ टन नायट्रिक आम्ल. या आम्लाच्या एका कंटेनरला गळती लागल्याचं वाटेतच लक्षात आलं. जहाज कंपनीच्या म्हणण्यानुसार तो कंटेनर उतरवून घ्यावा म्हणून हमादला विचारलं, हजिऱ्याला विचारलं. अशी गळती हाताळायची सोय आत्ता आमच्याकडे नाही, असं उत्तर दोन्हीकडून मिळालं.

माझ्या मते प्रकरणाची खरी सुरुवात इथे आहे. एक गळका कंटेनर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पाठवला जातो आणि प्रत्येक ठिकाणी 'पुढे बघू' होतं. बंदराच्या बाजूनं पाहिलं तर नकार समजण्यासारखा आहे. आम्ल उतरवताना काही झालं तर जबाबदारी बंदराची. पण त्या नकाराची खबर पुढच्या बंदराला सरकारी वाटेनं, लेखी, तातडीनं मिळायला हवी, आणि तशी व्यवस्था नव्हती. पुढे काय कळवायचं ते कंपनी आणि तिचे एजंट ठरवणार. कुणाला काय आणि कधी सांगितलं, हा मुद्दा नंतर कोर्टात बरीच वर्षं चालला.

१९ मेच्या रात्री जहाजानं कोलंबोपासून साडेनऊ सागरी मैलांवर नांगर टाकला. २० मेला आग लागली. २५ मेला मोठा स्फोट झाला आणि जहाजावरच्या सगळ्या २५ जणांना उतरवण्यात आलं. कंटेनर जळत जळत समुद्रात कोसळू लागले.

समुद्रावरच्या कामात मात्र यंत्रणांचा मेळ चांगला बसला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. श्रीलंकेचं नौदल, बंदर प्राधिकरणाचे टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी) आणि जहाज वाचवणाऱ्या कंपनीची माणसं एकत्र लढत होती. भारतीय तटरक्षक दलाची 'वैभव' आणि 'वज्र' ही जहाजं आगीवर पाणी आणि फेस मारत होती, प्रदूषण नियंत्रणासाठीचं 'समुद्र प्रहरी' हे खास जहाज आलं, वरून डॉर्निअर विमान तेलाचा तवंग शोधत फिरत होतं. हा मेळ त्या दिवशी जमवलेला नव्हता. आधीच्या सप्टेंबरात, २०२० मध्ये, कुवेतहून पारादीपला कच्चं तेल घेऊन निघालेल्या 'न्यू डायमंड' टँकरला श्रीलंकेजवळच आग लागली होती आणि हेच दोन देश तेव्हा खांद्याला खांदा लावून झगडले होते. कुणी कुणाला फोन करायचा, कोणतं जहाज कुठे उभं राहायचं, हे हाताला वळण पडलेलं होतं.

१ जूनपर्यंत आग विझत आली. २ जूनला सरकारी आदेशावरून जहाज खोल समुद्राकडे ओढायला घेतलं, पण मागची बाजू पाण्यात बसली आणि २१ मीटर खोलीवर तळाला टेकली. किनारा जवळ, पाणी उथळ, आणि नैर्ऋत्य मोसमी वारा नुकता सुरू झालेला.

वाळूवर

दाणा किनाऱ्यावर यायला लागला तो आग पेटलेली असतानाच, मेच्या शेवटच्या आठवड्यात. काही ठिकाणी लाटेबरोबर आलेला थर एवढा जाड होता की वाळूच दिसेना. बऱ्याच दाण्यांचं रूपही बदललेलं होतं. आगीत वितळून त्यांचे काळपट, वेडेवाकडे गोळे झाले होते. जळलेल्या दाण्यात रसायनांची गुंतागुंत कोऱ्या दाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, असं नंतरच्या संशोधनात दिसलं. म्हणजे तो नुसता कचरा उरला नव्हता.

आता कुणी काय करायचं?

तेल असतं तर उत्तर तयार होतं. २००८ च्या सागरी प्रदूषण प्रतिबंधक कायद्यानं स्थापन झालेलं सागरी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण, तिकडे ज्याला 'मेपा' म्हणतात, ते प्रमुख. देशाचा तेलगळतीचा आराखडा कागदावर होता: नौदल आणि तटरक्षक समुद्रात, स्थानिक प्रशासन किनाऱ्यावर, संशोधन संस्था नमुन्यांना. तेल अडवणाऱ्या तरंगत्या भिंती, ते शोषणारी साधनं, सराव, सगळं तेलाभोवती रचलेलं. जहाजात इंधन तेल होतंच, त्यामुळे पहिले काही दिवस सगळ्या नजरा तवंग दिसतो का याकडे लागल्या होत्या. दाण्यासाठी ना आराखडा होता, ना साधन, ना कुणी कधी सराव केलेला.

यात श्रीलंकेचा एकटीचा दोष नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत प्लॅस्टिकचा दाणा नव्हता. नायट्रिक आम्लाचा कंटेनर कुठे ठेवायचा, त्यावर कोणतं लेबल लावायचं, याचे नियम आहेत. दाण्याचा कंटेनर मात्र साखरेच्या किंवा कापडाच्या कंटेनरसारखाच कुठेही रचता येतो, अगदी सगळ्यात वरच्या थरातही. तो समुद्रात पडला तर बंदराला खास काही कळवायची सक्ती नाही. कागदावर जी वस्तू धोक्याची नाही, तिच्यासाठी कोणतं खातं आधीच तयारी करून ठेवणार?

शिवाय त्या वेळी श्रीलंकेत करोनाची कडक संचारबंदी होती. एरवी शाळा-कॉलेजांची मुलं, किनाऱ्यावरची गावं, स्वयंसेवी संस्था धावून आल्या असत्या. त्या घरात अडकल्या. मग पांढरे संरक्षक पोशाख घातलेले नौदलाचे आणि लष्कराचे जवान मेपाच्या देखरेखीखाली फावडी घेऊन उतरले. पहिले दिवस जगभर छापून आलेले फोटो त्यांचेच.

जवानांनी वरचा थर उचलला, आणि त्यात पुष्कळ वाळूही उचलली गेली. जेसीबी लावला तर काम झपाट्यानं होतं, पण किनाराच गोणीत जातो. भरती-ओहोटीनं दाणा रोज वाळूत आणखी खाली मुरत होता, नवी भरती नवा थर टाकत होती. जड यंत्राचा उपयोग इथे संपतो आणि चाळण सुरू होते. लॉकडाऊन सैलावल्यावर मेपानं किनाऱ्यावरच्याच लोकांना, त्यांत बायका मोठ्या संख्येनं, रोजावर घेतलं. हातचाळण्या आल्या, नंतर फिरत्या पिंपासारखी मोठी चाळणी-यंत्रं आली. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच वाटतो. मासेमारी बंद पडलेल्या घरांत थोडा रोज गेला, आणि किनारा ओळखणारी माणसं कामाला लागली. कोणत्या वाऱ्यात कचरा कुठल्या वळणावर साचतो, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असतं.

खात्यांमधल्या फटी दिसल्या त्या पुढच्या टप्प्यात. बंदरं एका मंत्र्याकडे, मासेमारी दुसऱ्याकडे, मेपा तिसऱ्याकडे. मेलेली कासवं आणि डॉल्फिन वन्यजीव खात्याच्या ताब्यात, पाण्याचे आणि माशांचे नमुने 'नारा' या जलसंशोधन संस्थेकडे, गोळा केलेला कचरा कुठे ठेवायचा हे केंद्रीय पर्यावरण प्राधिकरणाच्या परवानगीनं. प्रत्येकानं आपापलं काम केलं, आपापल्या नोंदी ठेवल्या. पण या नोंदी पुढे एका दाव्यात एकत्र गुंफायच्या होत्या. कुठल्या कासवाचा मृत्यू जहाजामुळे आणि कुठल्याचा पावसाळ्यात एरवीही होतो तसा, हे सिद्ध करायचं तर शवविच्छेदन, पाण्याचा नमुना आणि त्या दिवसाचा प्रवाह एकाच पानावर यायला लागतात. पुढे कोर्टात मांडलेल्या आकड्यांनुसार ४१७ कासवं, ४८ डॉल्फिन आणि ८ व्हेल मेले. हे नुसते आकडे राहू नयेत म्हणून किती खाती एका टेबलाशी बसायला हवी होती, याचा विचार करून बघा.

आणि गोण्या. वाळू, दाणा, जळके गोळे, कंटेनरचे तुकडे असा दीड हजार टनांहून जास्त माल पामुनुगामाच्या गोदामात जमला. रसायनांशी संपर्क आल्यामुळे तो धोकादायक कचरा. साध्या कचराभूमीत टाकता येत नाही, उघड्यावर जाळता येत नाही, आणि खटल्यातला पुरावा म्हणून घाईनं नाहीसाही करता येत नाही. जहाजावर असताना जो माल कुठल्याच यादीत धोक्याचा नव्हता, तो वाळूतून वेचून गोणीत भरल्यावर धोकादायक ठरला. हा विरोधाभास मला झोपेतही आठवतो.

पैसा

कोळ्यांचं नुकसान ताबडतोब झालं. नेगोंबोपासून कालुतारापर्यंतच्या पट्ट्यात मासेमारी बंद केली गेली, आणि बंदी उठल्यावरही बाजारात त्या भागातला मासा कुणी घेईना. होड्या वाळूवर उभ्या, वर करोना, आणि पुढच्याच वर्षी देशाचं दिवाळं. अंतरिम भरपाई हप्त्याहप्त्यानं आली.

मोठ्या भरपाईचा रस्ता तीन न्यायालयांतून गेला, आणि इथे समन्वयाचा अभाव सर्वांत महाग पडला. श्रीलंकेच्या तज्ज्ञ समितीनं नुकसान ६.४ अब्ज डॉलरचं काढलं. एप्रिल २०२३ मध्ये महाधिवक्त्यांच्या कार्यालयानं दावा सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी न्यायालयात नेला. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या ॲडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांच्या, न्यायालयानं जहाजमालकाची जबाबदारी १.९ कोटी पौंडांवर सीमित केली. जहाजाच्या टनांवरून जबाबदारीची मर्यादा ठरते, हा सागरी कायद्याचा जुना नियम. किती दाणा सांडला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

इकडे पर्यावरणवादी संस्था, कोळी आणि कोलंबोचे कार्डिनल (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू) यांनी श्रीलंकेच्याच सर्वोच्च न्यायालयात मूलभूत हक्कांच्या याचिका केल्या होत्या. २४ जुलै २०२५ ला निकाल लागला. जहाजाच्या मालक-चालकांनी १ अब्ज डॉलर भरावेत, पहिला २५ कोटी डॉलरचा हप्ता २३ सप्टेंबरपर्यंत. दावा परदेशात नेण्याच्या सरकारी निर्णयावरही न्यायालयानं ताशेरे ओढले. कंपनीनं हा आदेश मानायला नकार दिला आणि ती तारीख पैसे न येताच उलटली.

चार वर्षांनी, केरळात

हे सगळं दूरच्या देशाचं वाटत असेल तर तारखा बघा. २४ मे २०२५ ला विळिंजमहून कोचीला निघालेलं, लायबेरियाच्या झेंड्याचं 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनर जहाज कोचीपासून सुमारे ३८ सागरी मैलांवर कलंडलं आणि २५ मेला बुडालं. जहाजावरचे सगळे २४ जण वाचले. तटरक्षक दलानं २१ आणि नौदलाच्या 'सुजाता'नं ३ जणांना घेतलं. ६४० कंटेनर. त्यांतल्या १३ मध्ये धोकादायक माल, १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. पहिल्याच दिवशीच्या सरकारी माहितीत कार्बाइड होतं, इंधनाचे टन होते. दाणा त्या यादीत ठळकपणे नव्हता, कारण तो 'धोकादायक' नाही. दोन-तीन दिवसांत तिरुअनंतपुरमच्या कोचुवेळीसारख्या किनाऱ्यांवर पांढऱ्या गोण्या आणि सुटा दाणा यायला लागला. काही दाणा पुढे तमिळनाडूतही पोहोचला.

श्रीलंकेच्या तुलनेत एक गोष्ट झपाट्यानं झाली. केरळ सरकारनं २९ मेला ही राज्य-विशिष्ट आपत्ती जाहीर केली. हे कागदी वाटेल, पण तसं नाही. आपत्ती जाहीर झाली की राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला खर्च करायची वाट मोकळी होते, जिल्हाधिकाऱ्याला माणसं लावता येतात, 'हे कुणाच्या बजेटात?' हा पहिल्या आठवड्याचा घोळ टळतो. आपल्याकडच्या तेलगळतीच्या राष्ट्रीय आराखड्यात समुद्रातलं काम तटरक्षक दलाचं, बंदराच्या हद्दीतलं बंदराचं आणि किनाऱ्याची सफाई राज्याची, अशी वाटणी आहे. केरळानं दाण्यालाही तीच वाटणी लावली. स्वयंसेवक, अग्निशमन दल, प्रदूषण नियंत्रण मंडळ वाळूत उतरले. हातात फावडी, टोपल्या आणि चाळण्या. सरक्कुवासारखंच दृश्य.

कोर्टाची वाटही केरळानं वेगळी निवडली. ९,५३१ कोटी रुपयांचा दावा राज्यानं केरळ उच्च न्यायालयातच लावला आणि त्याच कंपनीचं दुसरं जहाज विळिंजमला अडवून ठेवायला लावलं. पुढे न्यायालयानं तारणाची रक्कम सुमारे १,२२७ कोटींवर आणली. आपल्याच न्यायालयात, हाताशी असलेलं जहाज धरून बसायचं, हा धडा कोलंबोच्या अनुभवातूनच घेतला असावा असं मला वाटतं.

मूळ दुखणं मात्र अजून तसंच आहे. श्रीलंकेनं दाणा घातक मालाच्या यादीत घालावा म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे मागणी लावून धरली. मार्च २०२४ मध्ये संघटनेच्या पर्यावरण समितीनं काही शिफारशी मंजूर केल्या: पॅकिंग मजबूत असावं, कागदपत्रांत दाणा आहे हे स्पष्ट लिहावं, कंटेनर शक्यतो डेकखाली किंवा आडोशाला ठेवावेत. शिफारशी चांगल्या आहेत, पण ऐच्छिक आहेत.

आपल्या किनाऱ्यावर

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली होती. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात तरंगत राहिले आणि मुंबई व न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी (आताचं जेएनपीए) बंदराची वाहतूक काही दिवस बंद पडली. तेलाचे काळे पट्टे रायगडच्या खारफुटीपर्यंत गेले. त्या वेळी सगळी चर्चा तेलाची आणि कीटकनाशकांच्या कंटेनरची झाली. त्याच पाण्यातून जेएनपीएला रोज कंटेनर ये-जा करतात, आणि देशातल्या प्लॅस्टिक उद्योगाचा मोठा भाग पश्चिम किनाऱ्यालाच चिकटून आहे.

उद्या अलिबाग, मुरूड किंवा हरिहरेश्वरला दाणा आला तर कुणाकडे जायचं? समुद्रात तटरक्षक दल. जहाजाच्या कागदपत्रांसाठी नौवहन महासंचालनालय. किनाऱ्यालगत महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड, नमुन्यांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ, खारफुटीत शिरला तर कांदळवन कक्ष, मासेमारीच्या नुकसानीला मत्स्यव्यवसाय खातं, माणसं लावायला जिल्हाधिकारी. आणि सकाळी पहिल्यांदा दाणा दिसणार तो ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराला किंवा मासळी उतरवायला आलेल्या कोळणीला. माझी मागणी अगदी छोटी आहे. किनारी जिल्ह्यांच्या आपत्ती आराखड्यात तेलाच्या रकान्याशेजारी दाण्याचा एक रकाना काढावा, त्यात एका अधिकाऱ्याचं पद आणि फोन लिहावा, चाळण्या कुठे ठेवल्यात ते लिहावं, आणि भरलेल्या गोण्या कुठल्या गोदामात जाणार तेही लिहावं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी तटरक्षक दलाच्या पुढाकारानं किनारे साफ होतात तेव्हा बाटल्या, चपला, जाळ्यांचे तुकडे गोळा होतात. दाणा बोटांतून निसटतो. तो बघायचा असेल तर भरतीच्या रेषेवर, वाळलेल्या शेवाळाच्या पट्ट्यात गुडघे टेकून बसायचं, मूठभर वाळू चाळणीत घ्यायची आणि जे वर उरेल ते बादलीतल्या पाण्यात सोडायचं. शिंपले खाली बसतात. वर तरंगतं ते हातात घेऊन पाहा. गोल, दुधाळ, साबुदाण्याएवढं.